वजनात बसलेला माणूस

सदर इसम, वय सत्तेचाळीस, व्यवसाय अवजड सामानाची ने-आण, हुद्दा 'वाहक, श्रेणी एक'. उंची बेताची, बांधा रुंद, मान जवळजवळ नाही. ओळखीची खूण : दोन्ही खांद्यांवर पट्ट्याचे जुने वळ. सदर इसमाची नेमणूक जिन्यांवर, सामानाच्या खालच्या अंगास, कामाला लागल्यापासून अखंड असून त्याच्या हातून एखादी वस्तू पडल्याची, फुटल्याची अथवा ओरखडल्याची नोंद कंपनीच्या दप्तरी आढळत नाही. स्वभाव शांत. व्यसन नाही. वर्तणूक समाधानकारक. वजन : नव्या नियमाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा सतरा किलो जास्त. सबब सदर इसम जिन्याच्या कामास अपात्र.

हे ज्या दिवशी टाइप झालं, त्या दिवशी सकाळी सदर इसमाने एका वकिलाचं पुस्तकांचं कपाट चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं.

कंपनीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. 'खालचा' म्हणत. त्याच्या जोडीला जो असे तो 'वरचा', आणि हा वरचा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. ही नावं टोपणनावं वाटतात, पण ती खरं तर पत्ते होते. जिन्यावरून जड वस्तू न्यायची तर एक माणूस वर, एक खाली, आणि दोघांच्या खांद्यांवरून वस्तूच्या बुडाखाली गेलेले रुंद पट्टे. चढताना खालचा रेटतो. उतरताना तो पाठमोरा, टाचेने पायरी शोधत उतरतो. दोन्ही वेळा वजनाचा मोठा वाटा त्याच्याच अंगावर. वरच्याला सगळं दिसतं आणि भार कमी असतो. खालच्यावर सगळा भार असतो आणि डोळ्यांसमोर फक्त कपाटाची पाठ. जगातल्या बऱ्याच कारभारांची हीच रचना आहे, पण तिथे बोलण्याचा हक्क वरच्याला असतो. या धंद्यात उलटं होतं. जिन्यावर बोलायचं ते खालच्याने. 'उचल', 'डावीकडे', 'टेकव'. वरच्याने तोंड उघडायचं नाही, कारण एका ओझ्याला दोन तोंडं फुटली की ते तिसऱ्याच दिशेला जातं.

आणखी एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. 'टेकव' म्हणायचं ते जिन्याच्या वळणावर, सपाट जागी. अधल्यामधल्या पायरीवर ज्याने 'टेकव' म्हटलं, त्याला दुसऱ्या दिवसापासून लोक प्रेमाने वागवत आणि खुर्च्या उचलायला देत.

बायको कपडे उसवून अंगाबरोबर करून देणाऱ्या एका दुकानात कामाला होती. लोकांची अंगं वाढतात, घटतात, आणि त्यांना ते मान्य नसतं. दुकान त्यावर चालत होतं. तिचा भाऊ या कामाला लागायचं म्हणाला तेव्हा तिने एकच अट घातली होती. "खाली हे असतील तर जा. दुसरा कोणी असेल तर घरी बस, मी पोसते." ती अट सगळ्यांनी पाळली होती. शेजारणींना ती सांगायची, "माझं माहेर वर, सासर खाली आणि मध्ये लोकांचं कपाट. देवाला हात जोडताना सुद्धा कुठल्या बाजूने जोडू ते कळत नाही."

नियम आला तो विम्यामुळे. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीतला एक जाडा वाहक जिन्यावर छातीत कळ येऊन गेला, आणि विमेवाल्यांनी त्यातून असा निष्कर्ष काढला की जाड माणसं जिन्यावर नकोत. निष्कर्ष अगदीच चुकीचा नव्हता. खालच्याचे गुडघे सकाळी करकरत, रक्तात साखर सापडली होती, आणि बुटाची नाडी बांधताना तो श्वास रोखून धरत असे. वजन उतरवायला हवं होतं यात वाद नव्हता. वाद होता तो मुदतीचा. व्यवस्थापकाने तीन महिने दिले. तोवर गोदामात बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. तीन महिन्यांत वजन मर्यादेत आलं तर जिना परत; नाही आलं तर चिठ्ठ्या कायमच्या.

"आणि वरचा?" खालच्याने विचारलं.

"त्याचं काय? तो सडसडीत आहे. त्याला दुसरा कोणी खालचा देऊ."

झालं. घरी ही बातमी त्याने सांगितली तेव्हा बायको कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. धागा ओढून काढायचा तो तिने तोडला.

आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे तिनेच त्याला नेलं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक छोटी खोली, एक काटा, एक टेबल, भिंतीवर माणसाचं कातडी नसलेलं चित्र. बाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ.

"किती कमी करायचंय?"

"सतरा."

"कधीपर्यंत?"

"तीन महिने."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तीन महिन्यांत सहा धरा. नीट जमलं तर आठ. सतराला वर्ष लागेल."

"बाई, सहा किलो तर माझे बूट आणि पट्टाच भरेल."

"मग बूट काढून या," बाई म्हणाल्या. बायकोला हसू आलं, ते तिने पदराआड नेलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "हे बघा, वजन म्हणजे एकच वस्तू नाही. चरबी जाते तसे स्नायूही जातात, आणि काट्याला दोन्ही सारखेच. तो फक्त बेरीज दाखवतो. उपाशी राहून घाईने उतरवलंत तर शरीर चरबीबरोबर मांड्या, खांदे सगळंच मोडून खाईल. ते थांबवायचं तर दोन गोष्टी. प्रत्येक जेवणात अंडी, मासे, डाळी, दूध यातलं काहीतरी पोटभर. आणि स्नायूंना काम. उचलण्याचं काम, दर आठवड्याला, न चुकता."

"उचलायचं तुम्ही मला शिकवणार?"

"तुम्ही सध्या काय उचलता?"

चिठ्ठीचं वजन काही सांगण्यासारखं नव्हतं.

"कंपनीकडे मुदत वाढवून मागा," बाई म्हणाल्या. "हवं तर मी बोलते. तुमचं काम अंगमेहनतीचं आहे, तुम्हाला वजनापेक्षा ताकद—"

"नको, नको. मी बघतो," तो म्हणाला. हे वाक्य म्हणून माणसं जे बघतात, ते साधारणपणे व्हायचं ते झाल्यावर बघतात.

परतताना तो बायकोला म्हणाला, "बाई चांगल्या आहेत. पण त्यांनी कधी कपाट उचललेलं नाही."

कपाटाबद्दल त्याचं म्हणणं असं होतं. जड कपाट जिन्यावरून न्यायचं तर शहाणा माणूस आधी खण काढतो. फळ्या काढतो. आत जे जे सुटतं ते सगळं काढतो. कपाट हलकं होतं, आणि वर गेल्यावर कपाटच राहतं. शरीराचं वेगळं काय असणार? आत जाणारं थांबवा, खण रिकामे होतील. आणि ताकदीचं? ताकदीबद्दल या धंद्यात सगळ्यांचं एकमत होतं. ती खांद्यात साठते, टाकीत पाणी साठतं तशी. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी म्हणून कोणी साधी बादलीही उचलत नसे. खालच्याने हिशोब केला की एका दिवसाच्या विश्रांतीने माणूस पियानो उचलतो, तर तीन महिन्यांच्या विश्रांतीने काय काय उचलेल! गोदामातली नेमणूक ही शिक्षा नसून शिल्लक आहे असं त्याला वाटू लागलं. त्याने घरातही हात आखडले. पाण्याची बादली बायको उचलू लागली. गादी ती उलटू लागली. "राखून ठेवतोय," तो म्हणायचा.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी काकडी आणि पातळ सूप, संध्याकाळी दुपारचंच सूप, आणखी पातळ. बायको दोन अंडी उकडून समोर ठेवायची. तो ती परत तिच्या ताटात ठेवायचा. पहिल्या आठवड्यातच काटा असा काही उतरला की त्याला स्वतःलाच धाप लागली. गोदामात खोकी तोलायचा लोखंडी काटा होता, जमिनीत बसवलेला. दोन खोकी तोलण्याच्या मधल्या वेळात तो त्यावर चढायचा आणि आजूबाजूचे येऊन आकडा बघायचे.

"अरे, अजून एक उतरला! काय खातोस तरी काय?"

"हवा."

"हवा तर आम्ही पण खातो, आमचं वाढतंय!"

कौतुक हा पदार्थ पचायला हलका असतो. त्यावर त्याचे कित्येक दिवस निघाले. व्यवस्थापकाने एकदा सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर थाप मारली. खालचा किंचित झुकला. पूर्वी त्याच्या खांद्यावर थाप मारणाऱ्याचा हात दुखत असे. हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण सगळे आकडा बघत होते.

ध्यानात आला तो बायकोच्या. पहिल्या महिन्याअखेर तिने त्याची विजार आत घ्यायला काढली. माणसाचं वजन उतरलं की कंबर आत घ्यावी लागते, हा दुकानातला रोजचा अनुभव. कंबर तिने घेतली, पण फार घ्यावी लागली नाही. मांड्यांना मात्र विजार अशी लोंबत होती जशी खुंटीवर टांगली आहे. तिने फीत काढली.

"उभे राहा जरा."

"आता काय?"

"उभे राहा म्हणते ना." तिने मांडीला फीत गुंडाळली, मग पोटरीला, मग दंडाला. शेवटी पोटाला. मग फीत हातात धरून ती तशीच खाली बसून राहिली. "अहो, पोट जिथल्या तिथे आहे."

"थोडं गेलंय."

"थोडं गेलंय. पण मांड्या कुठे गेल्या?"

"आधी वरवरचं जातं, मग आतलं," तो म्हणाला. हे त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

"मी रोज दहा माणसांची अंगं मापते. असं उतरलेलं अंग मी एकदाच बघितलंय. ते गृहस्थ सहा महिने अंथरुणाला खिळून होते."

"मला अंथरुणात घालू नकोस. महिना झालाय, अजून अर्धं बाकी आहे."

"मग बाकी राहू द्या! मुदत मागा. जीभ झिजते का?"

त्याने विजार ओढली आणि तो खुर्चीत बसला. नंतर उठताना त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून स्वतःला वर ढकललं. हे नवीन होतं. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्याने पाहिलं.

वरचा सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा. तो जिन्यावर जितका मुका, तितका जमिनीवर बडबड्या. आठवड्याची थकबाकी बहिणीच्या घरी फेडायचा. तात्पुरत्या खालच्यांच्या गोष्टी तो रंगवून सांगे. "दाजी, एक आहे तो बोलतच नाही. मी वर, तो खाली, मध्ये फ्रिज, आणि आम्ही दोघेही वाट बघतोय की कोणीतरी काहीतरी बोलेल. दुसरा आहे तो इतका बोलतो की त्यात 'टेकव' कुठलं आणि त्याच्या सासूची गोष्ट कुठली ते कळेना. परवा 'टेकव' म्हणाला म्हणून मी टेकवलं, तर म्हणतो, अरे, सासू म्हणाली टेकव!"

सगळे हसले. बायको सगळ्यांत कमी हसली. "नीट पकडतात का ते?"

"ताई, नीट पकडलं नसतं तर मी इथे लोणच्याची बरणी मागत बसलो असतो का?"

बरणी खालच्याच्या हाताशी होती. त्याने झाकण फिरवलं. फिरलं नाही. त्याने फडका घेऊन फिरवलं. मग त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हिचा आटा बिघडलाय." वरच्याने ती घेतली आणि बोलता बोलता उघडली. मग तो पुन्हा सासूच्या गोष्टीकडे वळला, पण ती आता तितकी रंगेना.

दुसऱ्या महिन्यात बायकोने त्याला पुन्हा आहाराच्या बाईंकडे ओढत नेलं. बाईंनी काट्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी त्याला हाताने दाबायचं एक यंत्र दिलं, मग एका साध्या खुर्चीत बसवलं. "हात छातीशी घ्या आणि उठा. पुन्हा बसा, पुन्हा उठा. जमेल तितक्यांदा."

सुरुवातीला तो झटक्यात उठला. मग सावकाश. मग एकदा अर्ध्यात लटकला आणि मागे पडला. खोलीत खुर्चीचा आवाज तेवढा झाला.

"हे आजच्या आज थांबवा," बाई म्हणाल्या. "आजपासून नीट जेवायचं, रोज थोडं उचलायचं, आणि महिन्याला दीड-दोन किलोवर जायचं नाही. वजनाचं ध्येय विसरा. ध्येय हे, की पुढच्या वेळी या खुर्चीतून आज उठलात त्यापेक्षा दोनदा जास्त उठायचं. एवढंच."

"खुर्चीतून उठायचं?" त्याला ते थट्टेसारखं वाटलं. ज्याने पियानो उचलले त्याने स्वतःला उचलायचं ध्येय ठेवायचं! "बाई, हत्ती गेला, शेपूट राहिलंय. शेवटचे चार-पाच किलो. ते झाले की जेवीन पोटभर."

"शेपूट नाही राहिलेलं," बाई म्हणाल्या. "हत्तीच राहिलाय. पाय गेलेत."

बायको बाहेर आल्यावर रस्त्यातच थांबली. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? तुझा भाऊ रोज कुणाच्या तरी भरवशावर जिना चढतोय. मी खुर्चीत उठाबशा काढत बसू?"

तिनेच घातलेली अट तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती, आणि तिला बाजूला व्हायला सांगणं तिला जमेना.

शेवटच्या आठवड्यात त्याने पाणीही मोजून प्यायलं. ओठ फुटले. पायऱ्या चढताना तो कठडा धरू लागला, आणि कोणी पाहिलं तर कठड्यावरची धूळ तपासत असल्यासारखं करी. ठरल्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. काटा मर्यादेच्या आत थांबला, जेमतेम, पण नियमाला जेमतेम कळत नाही. रक्तदाब बघितला. छातीला नळी लावली. बरणी उघडायला सांगणं तपासणीत नव्हतं. 'जिन्याच्या कामास सर्वथा सक्षम' असा दाखला मिळाला, एक वर्षापुरता. व्यवस्थापकाने त्याचा फोटो काढून फलकावर लावला, शेजारी जुना फोटो. दोन्हींमध्ये तोच माणूस होता हे खाली लिहावं लागलं.

पहिलं काम एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं. तिसऱ्या मजल्यावरची त्याची खोली रिकामी व्हायची होती. बाकीचं सामान आधीच गेलं होतं. भिंतींवर घड्याळांच्या जागी फिकट गोल तेवढे राहिले होते. शिल्लक होती ती एक लोखंडी तिजोरी, बुटकी, दोन माणसांच्या हिशोबाची. असल्या तिजोऱ्या या दोघांनी पूर्वी गप्पा मारत उतरवल्या होत्या, म्हणजे खालच्याने गप्पा मारत.

त्या सकाळी निघण्याआधी बायकोने भावाला दाराबाहेर गाठलं. "यांचा हात थरथरला तर तू सांग. टेकवा म्हणून."

"ताई, वरच्याने बोलायचं नसतं."

"मी सांगतेय म्हणून बोल."

"खालच्याचं लक्ष उडतं गं. एकदा बोललो आणि त्याच वेळी त्यांचा पाय पायरीवर नसला तर?" तो खरंच समजावून सांगत होता. "दाजींना कळेल. त्यांना नेहमी कळतं."

तिजोरी उचलताना काही झालं नाही. दारातून निघताना काही झालं नाही. दगडी जिना, मधोमध झिजलेला, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. पहिलं वळण आलं तेव्हा खालचा म्हणाला, "टेकव." आवाज त्याचाच होता, पण जरा आधी आला होता, तिजोरी सपाट जागेवर पुरती आली नव्हती, अर्धी पायरीवर होती. दोघांनी ती सरकवून घेतली. खालचा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या मानेवर घाम होता, आणि मान आता होती.

सपाट जागेवर वरच्याला बोलायला मनाई नव्हती. "दाजी, खालून अजून एकाला बोलावू का? गाडीपाशी दोघे आहेत."

"कशाला?"

"असंच. हात लावायला."

"मी वजनात बसलोय," खालचा म्हणाला. "चल. उचल."

वरच्याला पट्ट्यातून खालच्याचं सगळं कळतं. तो कधी दम घेतो, कुठला पाय जड टाकतो, पायरी सापडली की त्याच्या खांद्यातून जो किंचित होकार येतो तोही. त्या दिवशी पट्ट्यातून एक बारीक थरथर येत होती, शिलाईच्या यंत्रावर हात ठेवला तर येते तशी. ती वाढत गेली. तिजोरीच्या कडेवर वरच्याला खालच्याची बोटं दिसत होती, एवढाच त्याचा भाग. बोटं आधी लाल होती, मग पांढरी झाली. खालून शब्द येईना. पुढच्या वळणाला काही पायऱ्या उरल्या होत्या. वरच्याने तोंड उघडलं आणि मिटलं. खालच्यानेही, असं त्याने नंतर सांगितलं, तोंड उघडलं होतं. जिन्यात दोघांच्याही श्वासाचा आवाज होता, आणि तेवढाच.

मग बोटं कडेवरून निघाली.

अशा वेळी वरच्याने पट्टा सोडायचा असतो. खालचा भिंतीकडे अंग टाकतो, वस्तू जाते तिथे जाते, माणसं राहतात. हे पहिल्या दिवशी शिकवलं जातं. वरच्याने पट्टा सोडला नाही. खाली बहिणीचा नवरा होता, आणि तो भिंतीकडे अंग टाकण्याइतका सुद्धा उभा राहिलेला नव्हता. त्याचे गुडघे जागच्या जागी मिटले होते आणि तो पायरीवर बसला होता, तिजोरीच्या थेट वाटेत. वरच्याने पट्टा मनगटाला वेढा देऊन धरला. तिजोरी आडवी झाली, कठड्याच्या लोखंडात शिरली, आणि अडकली. खालचा बसल्या बसल्या चार पायऱ्या घसरून वळणावर थांबला. त्याला खरचटलं. वर, वरच्याच्या खांद्यातून काहीतरी निघाल्याचा आवाज झाला. घड्याळजी म्हाताऱ्याला तो वरच्या खोलीत ऐकू आला आणि त्याला वाटलं, तिजोरीचं दार उघडलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बायको दोघांच्या मध्ये उभी होती. डॉक्टरांनी सांगून झालं होतं. भावाच्या खांद्याचे स्नायू हाडापासून सुटले होते, शिवले होते, पण अवजड काम आता विसरायचं.

"तुम्ही का नाही बोललात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"वळण आलंच होतं."

"आणि तू?"

"वरच्याने बोलायचं नसतं, ताई," भाऊ म्हणाला. औषधाच्या गुंगीतही त्याला ते पाठ होतं.

"वा," ती म्हणाली. "म्हणजे नियमाला काही झालं नाही."

आठवडाभराने खालचा आपण होऊन व्यवस्थापकाकडे गेला. मला जिना झेपत नाही, गोदामात ठेवा, असं त्याने सांगितलं. व्यवस्थापकाने कागद काढून दाखवला. "तू सक्षम आहेस. इथे लिहिलंय."

"साहेब, मी खुर्चीतून उठत नाही."

"वजन वाढलंय का?"

"नाही."

"मग?" व्यवस्थापक खरंच गोंधळला होता. अक्षमतेचा कागद वजन वाढल्याशिवाय निघत नव्हता, आणि वजन वाढलं नव्हतं. नवा वरचा ठरला. सोमवारपासून जिना.

आता दर मंगळवारी संध्याकाळी तो आहाराच्या बाईंकडे जातो. ताटात आलेली अंडी खातो. पाण्याची बादली उचलतो, आधी अर्धी, आता पाऊण. बाई वजन विचारत नाहीत, खुर्चीचं विचारतात. गेल्या खेपेपेक्षा एकदा जास्त, असं तो सांगतो, तेव्हा त्या मान हलवतात आणि म्हणतात की जे तीन महिन्यांत गेलं ते यायला वर्ष लागेल, घाई करू नका. जिन्यावरचं काही त्या विचारत नाहीत. विचारलं तर तो सांगेल की अजून काही झालेलं नाही. नवा वरचा जाड काचेचा चष्मा लावतो, आणि त्याचीही बायको आहे.

चौकशीचा अहवाल गेल्या आठवड्यात फलकावर लागला. त्यात म्हटलंय : सदर घटनेस जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या कारणीभूत होत. खालच्या अंगास नेमलेला वाहक वजनाच्या मर्यादेत व सर्वथा सक्षम आढळला. वरच्या अंगाच्या वाहकाने सूचनेनुसार पट्टा न सोडल्याने त्यास किरकोळ इजा झाली; सदर इजा आता पूर्ण बरी असून त्याच्या दैनंदिन जीवनास कोणतीही बाधा नाही.

अहवाल लागला त्या सकाळी वरच्याच्या सदऱ्याची बटणं बहिणीने लावली.